निरोप

मराठी भाषेने ‘निरोप’ या एका शब्दाकडून तीन कामे करून घेतली आहेत. धाकट्याने थोरांपाशी निरोप मागितला म्हणजे तेथे त्याचा अर्थ अनुज्ञा. गाडी सुटण्याच्या वेळी आपण परस्परांचा निरोप घेतो, तेथे अर्थ विदाय. आणि दारात उभा राहून कोणी ‘मामांचा निरोप आहे’ म्हणाला की अर्थ संदेश. जुन्या मराठीत ‘निरोपणे’ म्हणजे सांगणे, आणि संस्कृतातील निरूपणाशी त्याचे नाते उघड आहे. शाळेत आम्ही हा शब्द शिकवीत असू तेव्हा मुलांकडून तीन निरनिराळी वाक्ये करवून घेत असू. या तीन अर्थांची गाठ एका ठिकाणी कोठे पडते, हा प्रश्न मात्र परीक्षेत विचारण्याजोगा नव्हता; तो सेवानिवृत्तीच्या सवडीत सुचला. आमचे मत असे झाले आहे की ती गाठ परमुलखात पडते, आणि तीही दोन सोबत्यांपैकी एकजण घरी परत निघतो व दुसरा मागे राहतो त्या वेळी.

घरच्या निरोपाची रीत आपल्याकडे ठरलेली आहे. ‘जातो’ म्हणावयाचे नाही, ‘येतो’ म्हणावयाचे. हातावर दही घालावयाचे, देवापुढे आणि वडीलधाऱ्यांपुढे वाकावयाचे, निघालेल्यास मागून हाक मारावयाची नाही, आणि ‘कोठे’ असे तर विचारावयाचेच नाही. अमरावतीचा माणूस लांबच्या प्रवासास निघाला की अंबादेवीचे दर्शन घेऊन निघतो, अकोल्याचा राजेश्वराचे. मग मंडळी त्याला पोचवावयास जातात. स्नेह्यांनी जलाशयापर्यंतच पोचवावयास जावे, ही जुनी मर्यादा. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात कण्वाश्रमाची मंडळी सरोवराच्या काठी थांबतात ती याच मर्यादेला मान देऊन. आमच्या वऱ्हाडात प्रत्येक गावाबाहेर सरोवर कोठून असणार? म्हणून ते काम बडनेऱ्याच्या आणि अकोल्याच्या रेल्वे फलाटांनी पत्करले, आणि हल्ली विमानतळाच्या काचेच्या दाराने पत्करले आहे. काचेचे दार आम्हांस फारसे आवडत नाही. त्यातून माणूस दिसत राहतो पण ऐकू येत नाही, आणि दोन्ही बाजूंची मंडळी उगाच हात हालवीत उभी राहतात.

या साऱ्या रीतींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही की, निरोप देणाऱ्याच्या पाठीशी घर आहे. मुलगा दृष्टीआड झाल्यावर आई परत फिरते ती आपल्याच ओसरीवर येऊन बसते. चुलीवरची कढी उतू जात असते, सुना-नातवंडे असतात, शेजारीण येऊन दोन शब्द बोलून जाते. दुःख होते, परंतु ते ठेवावयास जागा असते. परमुलखात दोघा प्रवाशांपैकी एक निघाला म्हणजे मागे राहणाऱ्यास परतावयाचे ते भाड्याच्या खोलीत, जेथे काल दोन ताटे होती व आज एक आहे. दही घालावयास कोणी वडील नाही, आणि ‘येतो’ म्हणावे तर ते खोटे आहे, कारण जाणारा तेथे पुन्हा येणार नसतो. आपल्या रीतींपैकी एकही रीत तेथे उपयोगी पडत नाही.

प्रवासात जडलेला स्नेह हा मुळात निराळ्याच जातीचा असतो. गावात स्नेह्याची पारख क्वचित होते; त्याचे घर असते, आपले घर असते, भेटी सणावारी होतात. परमुलखात एकाच शेगडीवर दोघांचा भात शिजतो. कोणाला रात्री ताप भरला, घरचे पत्र वाचून कोणाचे तोंड उतरले, महिनाअखेर कोणाचा खिसा रिकामा झाला, हे दुसऱ्यास न सांगता कळते. हा सोबती आपल्या आयुष्याच्या त्या तेवढ्या तुकड्याचा एकुलता एक साक्षीदार असतो. घरच्या माणसांनी तो तुकडा पाहिलेला नसतो आणि तिकडच्या माणसांनी आपले घर पाहिलेले नसते. म्हणून तो निघाला म्हणजे मागे राहणाऱ्याचा मित्र जातो आणि साक्षीदारही जातो.

संदेशाच्या बाबतीत आमचा विदर्भ मोठा भाग्यवान आहे, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. दमयंतीकडे नळाची वार्ता घेऊन हंस आला तो विदर्भात. रुक्मिणीने विश्वासू ब्राह्मणाकरवी द्वारकेस निरोप धाडला तो कौंडिण्यपुराहून, जे आमच्याच अमरावती जिल्ह्यात आहे. मेघदूतातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय मिराशींनी प्रतिपादिले आहे. हंस, ब्राह्मण, मेघ. निरोप्यांची एवढी मोठी परंपरा दुसऱ्या कोणत्या प्रांताने दाखवावी! पण विदाय न घेता निघून जाण्याची सर्वांत विदारक कथाही आमच्याच राजकन्येची आहे. नळ अरण्यात दमयंतीला निजलेली सोडून गेला. त्यापूर्वी त्याने तिला विदर्भाकडे जाणारी वाट बोटाने दाखवून ठेविली होती. ज्याला तोंडाने निरोप घेणे जड जाते तो मनुष्य अशीच काही तरी तरतूद करून ठेवितो. परदेशी वसतिगृहांतूनही असे नळ पुष्कळ असतात; पहाटे सोबत्याला न उठविता निघतात आणि मेजावर तांदळाचा डबा, उरलेली नाणी व खोलीची किल्ली ठेवून जातात. आम्ही त्यांना दोष देत नाही, तथापि दमयंतीची बाजूही विसरता येत नाही.

आता या विषयात आम्हां अमरावतीकरांस पहिली आठवण होते ती दादासाहेब खापर्ड्यांची. गणेश श्रीकृष्ण खापर्डे हे १८९७ साली अमरावतीस भरलेल्या राष्ट्रसभेचे स्वागताध्यक्ष, आणि वऱ्हाडातील नामांकित वकील. लोकमान्य टिळकांचे ते राजकारणातील सहकारी होते हे सर्वश्रुत आहे. ते त्यांचे प्रवासातील सोबतीही होते. १९०६ च्या जून महिन्यात टिळक कलकत्त्याच्या शिवाजी-उत्सवास गेले तेव्हा खापर्डे आणि नागपूरचे डॉ. मुंजे बरोबर होते. पुढल्या वर्षी सुरतेच्या त्या गाजलेल्या अधिवेशनातही दोघे एकत्रच. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली, आणि १५ ऑगस्ट रोजी, म्हणजे महिना पुरता उलटण्याच्या आत, खापर्डे चालती वकिली सोडून विलायतेस निघाले. प्रिव्ही कौन्सिलपुढे दाद मागावी, तेथील लोकांपुढे गाऱ्हाणे मांडावे, मित्राला सोडवावे, हा हेतू. दोन वर्षे त्यांनी तेथे काढली. यश आले नाही.

१९१० च्या सप्टेंबरात ते परत निघाले, आणि परतताना ब्रह्मदेशावरून आले. १६ ऑक्टोबरास रंगूनला उतरले, २२ ऑक्टोबरास त्यांनी मंडालेच्या तुरुंगात टिळकांची भेट घेतली, आणि २७ ऑक्टोबरास कलकत्ता गाठले. ब्रह्मदेश त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानातच मोजला जात असे. तो निराळा झाला १९३७ साली. नकाशावर तो परदेश नव्हता, परंतु समुद्र ओलांडून, अनोळखी भाषेच्या मुलखात, तुरुंगाच्या भिंतीआड असलेल्या माणसाला नकाशाचे सांत्वन ते काय? तुरुंगातील भेटीचा वेळ मोजलेला असतो. ती संपली, आणि पाच दिवसांनी एकाचे पाय कलकत्त्यास लागले. दुसरा त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ तेथेच होता. त्या अवधीत, १९१२ साली, पुण्यास सत्यभामाबाई टिळक निवर्तल्या, आणि ती वार्ता टिळकांनी मंडालेच्या कोठडीत ऐकली. सुटून ते पुण्यास आले ते १९१४ च्या जूनमध्ये. दोन वर्षे ज्याच्यासाठी विलायतेत घालविली त्याला बाहेर काढता आले नाही, आणि आता त्यालाच मागे ठेवून आपण घरी जावयाचे. परतणाऱ्याच्या वाट्याला येणारे ओझे याहून जड आमच्या तरी माहितीत नाही. आपण नेहमी मागे राहणाऱ्याची कीव करितो. निघणाऱ्याचे पायही जड असतात.

खापर्डे १ जुलै १९३८ रोजी वारले. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १ सप्टेंबर १९३८ रोजी, मुंबईहून ‘राजपुताना’ नावाची बोट पूर्वेकडे निघाली. तिच्यावर चीनला जाणारे पाच हिंदी डॉक्टर होते. जपानने १९३७ साली चीनवर स्वारी केली होती. तिकडील आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंपाशी वैद्यकीय साहाय्य मागितले, आणि सुभाषचंद्र बोस राष्ट्रसभेचे अध्यक्ष असताना हे पथक सिद्ध झाले. पथकाचे प्रमुख डॉ. अटल, ते स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आलेले. दुसरे आमच्या नागपूरचे डॉ. मो. रा. चोळकर. तिसरे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, ज्यांना अठ्ठावीस वर्षे पुरी व्हावयाची होती. आणखी दोघे बंगालचे, डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी. चीनमध्ये या पाचांनाही चिनी नावे मिळाली व प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर आले, ज्याचा अर्थ चीन. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. निरनिराळ्या घरांतून आलेली पाच माणसे जणू एका आडनावाचे भाऊ बनली.

कँटन, हँकौ, चुंगकिंग असा त्यांचा प्रवास चालला होता. मागून शत्रू येत होता आणि पुढे जखमींची रांग होती. चुंगकिंगच्या मुक्कामात कोटणिसांना कळले की सोलापुरास वडील वारले. सोबत्यांनी सुचविले की तुम्ही परत जावे. वडिलांच्या दिवसकार्यास मुलगा घरी नसणे म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. कोटणीस परतले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोचले.

पुढे जे घडले ते आम्हां जुन्या मास्तरांस वजाबाकीच्या उदाहरणासारखे दिसते. मुखर्जींना आजाराने परतावे लागले. चोळकरही १९३९ सालीच परतले. राहिले तीन. हे तिघे येनानहून पुढे रणभूमीकडे गेले. तेथून १९४० साली प्रकृतीमुळे अटल परतले. राहिले दोन, एक सोलापूरचा आणि एक कलकत्त्याचा. एकाची मातृभाषा मराठी, दुसऱ्याची बंगाली. मुंबईत असते तर कदाचित ओळखही झाली नसती. पण ज्या डोंगराळ सीमाप्रांतात ते १९४० साली हिंडत होते तेथे ते दोघे मिळूनच सारा हिंदुस्थान होते. कॅनडाचे शस्त्रवैद्य बेथ्यून याच मुलखात काम करीत असता, शस्त्रक्रियेत बोटाला झालेल्या जखमेतून रक्त दूषित होऊन, १९३९ च्या नोव्हेंबरात मरण पावले होते. त्यांची अपुरी राहिलेली कामगिरी या दोघांपुढे होती.

१९४० च्या ऑगस्टपासून आठव्या रूट आर्मीने जपानी फौजेवर मोठी चढाई केली. शेकडो जखमी येऊ लागले, तेव्हा दोघांनी दोन निरनिराळ्या भागांत जखमींची व्यवस्था पत्करिली. त्या मोहिमेनंतर वाटा कायमच्याच फुटल्या. बसू येनानला गेले, कोटणीस डोंगरातच राहिले. या ठिकाणी आम्हांस ‘निरोप’ शब्दाच्या पहिल्या अर्थाची आठवण होते. ज्यांच्याबरोबर निघालो त्यांच्याबरोबरच परत जावे, ही प्रवासाची साधी नीती. तीतून सुटावयाचे तर सोबत्याची अनुज्ञा लागते. पाचांपैकी चौघांनी, एकामागून एक, ही अनुज्ञा कोटणिसांना दिली असे म्हटले पाहिजे. नाही तर मनुष्य मागे राहू शकत नाही. ‘तूही चल’ असा धरलेला आग्रह प्रेमाचाच असतो, पण ज्याने राहण्याचे ठरविले आहे त्याला तो नको असतो. तेथे दुसऱ्याने काय करावे? आमच्या मते एकदा विचारावे, दुसऱ्यांदा विचारू नये, आणि आपले लोकरी कपडे त्याच्यापाशी ठेवून यावे.

१९४१ च्या जानेवारीत बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद कोटणिसांकडे आले. चिनी भाषा ते इतकी शिकले की तीतून विद्यार्थ्यांना शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांनी कुओ चिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टात मुलगा झाला. त्याचे नाव यिन्हुआ, ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते मरण पावले. मूल तेव्हा चार महिन्यांचेही नव्हते.

येथून बसूंचे काम सुरू होते, आणि आमच्या मते हाच या कथेतील खरा निरोप आहे. १९४३ साली ते हिंदुस्थानात परतले. पाचांतील परतणारे ते शेवटचे. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या हकीकतीवरून ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे पुस्तक लिहिले, आणि त्यावरून शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा बोलपट काढिला, ज्यात कोटणिसांची भूमिका त्यांनी स्वतःच केली. बोलपटामुळे कोटणिसांचे नाव घरोघर झाले हे चांगलेच झाले. पण पुस्तकाच्या नावातच सांगितले आहे की एकजण परत आला नाही, म्हणजे चौघे आले. त्या चौघांविषयी बोलपट कोण काढणार? खुद्द नागपुरात चोळकरांचे नाव किती जणांस ठाऊक आहे, हे आम्ही गेल्या हिवाळ्यात चार-पाच सुशिक्षित घरी विचारून पाहिले. उत्तर येथे देत नाही. बसू मात्र उरलेली त्रेचाळीस वर्षे या मैत्रीचा निरोप पोचवीत राहिले. ते पुढे पुन्हा चीनला गेले, तेथील सुया टोचून रोग बरा करण्याची विद्या शिकून आले, ती कलकत्त्यात चालविली, आणि कोटणिसांच्या नावाने चाललेल्या स्मारककार्यात अखेरपर्यंत राहिले. १९८६ साली ते वारले. यिन्हुआ बिचारा १९६७ सालीच, वैद्यकाचे शिक्षण पुरे होत आले असता गेला होता. चिंगलानबाई अनेक वेळा हिंदुस्थानात येऊन सासरच्या मंडळींना भेटून गेल्या. त्या २०१२ साली निवर्तल्या. सोलापुरात कोटणिसांच्या घराचे आता स्मारक झाले आहे.

हे सारे युद्धकाळातले, थोरामोठ्यांचे. आता तर दूरध्वनीवर मुखदर्शनच होते, मग परतणाऱ्या सोबत्याने निरोप तो कसला आणावयाचा, असे तरुण वाचक म्हणतील. त्यांच्यासाठी अकोल्याच्या एका बाईंचे प्रकरण, त्यांच्या संमतीने व नावगाव गाळून, देतो. त्यांचा मुलगा व आमच्या शेजारचा एक मुलगा शिक्षणासाठी बरोबरच जर्मनीस गेले होते. तीन वर्षे एका खोलीत राहिले. आमच्या शेजारचा परत आला, अकोल्याचा तेथेच नोकरीस लागला. बाईंनी आम्हांस लिहिले, ‘गुरुजी, त्याला येऊन दहा आठवडे झाले. अमरावती काही लंकेत नाही. आल्यावर एक फोन केला, तिकडून आणलेला डबा कोणाबरोबर तरी पाठविला, पण स्वतः आला नाही. दोघांचे बिनसले आहे काय? मुलाला विचारले तर तो हसण्यावारी नेतो.’

आम्ही त्या मुलास बोलाविले. तो पुष्कळ वेळ पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसला. मग म्हणाला, ‘आजोबा, भांडण नाही. दुसऱ्या वर्षी त्याला कावीळ झाली होती, तीन आठवडे दवाखान्यात होता. निघताना त्याने मला बजावले, आईला यातले काही कळता कामा नये. काकूंसमोर बसलो की मला खोटे बोलता येणार नाही. म्हणून जात नाही.’

पेच खरा होता. मित्राने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मोडणे हे पाप, आणि मित्राच्या आईला टाळणे हेही कमी पाप नव्हे. धर्मशास्त्रात अशा ठिकाणी श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याची सोय असते. आम्ही आमच्या अल्प बुद्धीप्रमाणे ठरविले. त्याला म्हटले, आजाराचे नाव तू होऊन काढू नकोस, तेवढे वचन पाळ. पण त्या माउलीने सरळ विचारले तर नाही म्हणू नकोस, आणि जाणे तर टाळूच नकोस. तुझ्या मित्राने तोंड बंद ठेवावयास सांगितले आहे, पाय बंद ठेवावयास सांगितलेले नाही. काही मंडळींस हा सल्ला पटणार नाही. वचनाला पळवाट काढून दिली, असे आमच्याच घरात एकाने बोलून दाखविले. असो.

पुढल्या रविवारी तो अकोल्यास गेला. काय झाले ते बाईंच्या दुसऱ्या पत्रावरून कळते. त्यांनी आजाराविषयी विचारलेच नाही, कारण त्यांना ते ठाऊक होते. फोनवरच्या चित्रात एके दिवशी मुलाने चष्मा सारखा करावयास हात वर केला, आणि त्याचे मनगट पाहून त्यांनी मनात दिवस मोजून ठेविले होते. तो लपवितो आहे तर लपवू द्यावे, असे ठरवून त्या दीड वर्ष गप्प होत्या. त्यांना विचारावयाचे होते ते निराळेच. त्या लिहितात: ‘मी त्याला जेवू घातले आणि मग विचारले, बाळ, आता रात्री-बेरात्री काही झाले तर तेथे कोण आहे? तू होतास तोवर मला झोप येत होती.’

मुलाने याचे उत्तर दिले. खालच्या मजल्यावर एक पोलिश आजीबाई राहतात, खोलीची दुसरी किल्ली निघताना त्याने त्यांच्यापाशी दिली आहे. तीन घरे पलीकडे तेलुगू जोडपे आहे, त्यांच्याकडे गाडी आहे. मित्राला गव्हाची पोळी अजून लाटता येत नाही पण खिचडी जमते. खिडकी उत्तरेला असल्याने थंडी फार, म्हणून आपली जाड रजई तेथेच ठेवून आलो. बाईंनी खोलीचा नकाशा कागदावर काढून घेतला. अंथरूण कोठे, शेगडी कोठे, दार कोणत्या बाजूस उघडते. इतक्या वेळा फोनवर पाहिलेली ती खोली त्यांना त्या दिवशी प्रथम समजली, असे त्यांनी लिहिले आहे. मुलाची गाडी संध्याकाळची होती. ती चुकली, आणि तो रात्री तेथेच राहिला.

पत्राच्या शेवटी त्यांनी आमच्याकडे एक काम सोपविले आहे. त्या पोलिश आजीबाईंस नाताळाच्या आत दोन ओळी लिहावयाच्या आहेत व बरोबर तिळाच्या वड्यांचा डबा पाठवावयाचा आहे; आजीबाईंना जर्मन येते, बाईंना येत नाही. आम्हांसही येत नाही. शेजारचा मुलगा लिहून देतो म्हणाला आहे. मजकूर मात्र आधी मराठीत पाहिजे, आणि तो सध्या आमच्या मेजावर अर्धा लिहून पडला आहे.